न्यायमूर्तींचा दुसरा डाव

आर. के. पुरम म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्वार्टर्सची वसाहत, एवढीच ओळख बहुतेकांना असते. सेक्टरामागून सेक्टर, टेकडीवरचं मलाई मंदिर, एक नामांकित शाळा आणि अलीकडे आलेलं मेट्रोचं स्थानक. पण याच वसाहतीच्या सेक्टर १ मध्ये ‘वेस्ट ब्लॉक’ नावाच्या सरकारी इमारतींची रांग आहे आणि देशभरच्या उच्च न्यायालयांतल्या अनेक न्यायमूर्तींच्या कारकिर्दीचा शेवटचा टप्पा तिथे पार पडतो. वेस्ट ब्लॉक ८ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुख्य पीठ आहे. सीमाशुल्क, उत्पादनशुल्क आणि सेवाकराच्या अपील न्यायाधिकरणाचं मुख्य पीठही वर्षानुवर्षं वेस्ट ब्लॉक २ याच पत्त्यावर ओळखलं जातं. वयाच्या बासष्टाव्या वर्षी उच्च न्यायालयातून निवृत्त झालेला माणूस इथे पुन्हा न्यायासनावर बसतो.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीची कारकीर्द कशी घडते हे आपल्याकडे फारसं कुणी समजावून सांगत नाही. निकाल बातमीत येतो, न्यायमूर्तींचं नावही येतं. पण ते त्या खुर्चीपर्यंत कसे पोहोचले, ती खुर्ची कोणत्या दिवशी सुटणार आणि सुटल्यावर ते काय करणार, हे बातमीत नसतं. यातला तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

अमेरिकेत पन्नास राज्यांना आपापलं सर्वोच्च न्यायालय आहे. आपल्या घटनेने तशी दुहेरी रचना ठेवली नाही. न्यायव्यवस्था एकसंध ठेवली आणि राज्यातलं सर्वांत वरचं न्यायालय म्हणजे उच्च न्यायालय. मुंबईला मात्र एके काळी स्वतःचं सुप्रीम कोर्ट होतं. १८२४ मध्ये ते सुरू झालं आणि १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाल्यावर त्यात विलीन झालं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत न्यायाधीशांना मतदारांपुढे जावं लागतं. कॅलिफोर्नियाच्या मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड यांना १९८६ मध्ये मतदारांनी पदावरून दूर केलं. समलिंगी विवाहाच्या बाजूने निकाल देणाऱ्या आयोवाच्या तीन न्यायमूर्तींना २०१० मध्ये लोकांनी घरी पाठवलं. आपल्या न्यायमूर्तीला मतदाराची अशी भीती नाही. त्याच्यापुढचे पेच वेगळे आहेत आणि ते नेमणुकीपासूनच सुरू होतात.

उच्च न्यायालयात जायच्या वाटा दोन. एक वकिलीतून, दुसरी जिल्हा न्यायव्यवस्थेतून. मराठी माणसाला या दोन्ही वाटा एकाच खुर्चीवर पाहायला मिळाल्या आहेत. काशिनाथ त्र्यंबक तेलंग वकिलीतून आले आणि १८८९ मध्ये, चाळिशी गाठण्यापूर्वीच, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १८९३ मध्ये त्यांचं अकाली निधन झालं आणि त्यांच्या रिकाम्या जागी महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली. रानडे तेलंगांपेक्षा वयाने आठ वर्षांनी मोठे. १८७१ पासून ते कनिष्ठ न्यायव्यवस्थेत होते. पुणे, नाशिक, धुळे अशा बदल्या झेलत, सरकारच्या संशयी नजरेखाली त्यांनी दोन दशकं काढली, तेव्हा कुठे ही खुर्ची मिळाली. तिच्यावर त्यांना जेमतेम सात वर्षं मिळाली. १६ जानेवारी १९०१ ला ते गेले.

हा फरक आजही आहे. कायद्याची पदवी घेतलेला तरुण राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी होतो. कोर्टाच्या आवारात सगळे त्याला ‘जेएमएफसी’ म्हणतात. भाईंदरजवळच्या उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण, मग तालुक्याचं कोर्ट, दर काही वर्षांनी बदली, वरिष्ठ स्तर, जिल्हा न्यायाधीश. या शिडीवरून उच्च न्यायालयात पोहोचेपर्यंत पन्नाशी उलटून गेलेली असते आणि हाती फार तर काही वर्षं उरतात. वकिलीतून येणाऱ्याची नेमणूक बऱ्याचदा पंचेचाळीस ते पन्नाशीच्या दरम्यान होते. त्याला एक तपाहून अधिक काळ मिळू शकतो आणि मुख्य न्यायमूर्तिपद किंवा सर्वोच्च न्यायालय गाठण्याची संधीही त्यालाच अधिक. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाचे निकाल एका पाठोपाठ दिले. १९ मे रोजी उच्च न्यायालयाच्या सर्व निवृत्त न्यायमूर्तींना, ते वकिलीतून आलेले असोत की जिल्हा न्यायव्यवस्थेतून, कायम असोत की अतिरिक्त, सारखंच निवृत्तिवेतन देण्याचा आदेश झाला. मुख्य न्यायमूर्तींना वर्षाला १५ लाख आणि इतरांना साडेतेरा लाख रुपये. दुसऱ्याच दिवशी कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. पहिल्या निकालाने एक जुना अन्याय दूर केला. शेवटच्या पायरीवर पोहोचल्यावरही माणूस कोणत्या वाटेने आला हे त्याच्या पेन्शनमध्ये दिसत राहावं, याला काही अर्थ नव्हता.

हे दोन्ही निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश भूषण रामकृष्ण गवई. वकिलीतून येणाऱ्याची कारकीर्द कशी वाढते हे त्यांच्या तारखांवरून नीट कळतं. २४ नोव्हेंबर १९६० चा अमरावतीचा जन्म. वडील रा. सू. गवई रिपब्लिकन चळवळीतले नेते, पुढे बिहार आणि केरळचे राज्यपाल. १६ मार्च १९८५ ला सनद. सुरुवातीची उमेदवारी बॅ. राजा भोसले यांच्याकडे. काही वर्षं मुंबईत वकिली आणि १९९० नंतर मुख्यतः नागपूर खंडपीठापुढे. १९९२ मध्ये सहायक सरकारी वकील, २००० मध्ये नागपूर खंडपीठात सरकारी वकील. १४ नोव्हेंबर २००३ ला अतिरिक्त न्यायमूर्ती, १२ नोव्हेंबर २००५ ला कायम. २४ मे २०१९ ला सर्वोच्च न्यायालय. १४ मे २०२५ ला सरन्यायाधीश आणि पासष्ट पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, २३ नोव्हेंबर २०२५ ला निवृत्त. म्हणजे उच्च न्यायालयात साडेपंधरा वर्षं आणि देशाच्या सर्वोच्च खुर्चीवर सहा महिने. सर्वोच्च न्यायालयात गेले नसते तर २०२२ मध्येच त्यांची कारकीर्द संपली असती.

‘अतिरिक्त’ आणि ‘कायम’ या दोन पायऱ्यांकडे वाचकाने जरा थांबून पाहावं. घटनेच्या २२४ व्या अनुच्छेदानुसार अतिरिक्त न्यायमूर्तीची नेमणूक जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी होते. तुंबलेले खटले निकाली काढायला तात्पुरती मदत, असा तिचा मूळ हेतू. प्रत्यक्षात ती कायम होण्याआधीची उमेदवारी बनली आणि उमेदवारी आली की तिच्यामागे धास्तीही आली. दिल्ली उच्च न्यायालयाने तर तिचा फार वाईट अनुभव घेतला आहे. आणीबाणीत पत्रकार कुलदीप नय्यर यांना अटक झाली. त्या प्रकरणी न्या. एस. रंगराजन आणि न्या. आर. एन. अग्रवाल यांनी १९७५ मध्ये सरकारविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर रंगराजन यांची बदली गुवाहाटीला झाली. अग्रवाल अतिरिक्त न्यायमूर्ती होते. त्यांना कायम केलं गेलं नाही, त्यांना पुन्हा सत्र न्यायाधीश म्हणून जावं लागलं. काल उच्च न्यायालयात बसलेल्या माणसाला आज खालच्या न्यायालयात पाठवणं, हा संदेश देशातल्या प्रत्येक अतिरिक्त न्यायमूर्तीला पोहोचला असणार.

१९८१ मध्ये तोच प्रश्न पुन्हा दिल्लीत उभा राहिला. ओ. एन. व्होरा, एस. एन. कुमार आणि एस. बी. वाड या तीन अतिरिक्त न्यायमूर्तींना आधी फक्त तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली. पुढे वाड यांना एक वर्ष मिळालं, उरलेल्या दोघांना काहीच नाही. दिल्लीच्या मुख्य न्यायमूर्तींचं आणि सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांचं कुमार यांच्याबद्दल मत जुळत नव्हतं. सरन्यायाधीश त्यांना ठेवावं म्हणत होते. सरकारने दुसरं मत उचललं. याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत एक नाव होतं मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती विठ्ठल महादेव तारकुंडे. सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ३० डिसेंबर १९८१ ला निकाल दिला आणि नेमणुकीत शेवटचा शब्द सरकारचाच, असं बहुमताने ठरलं. बारा वर्षांनी, १९९३ मध्ये, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हे मत फिरवलं. त्यातून आजचा न्यायवृंद, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींचं कॉलेजियम, आला. नेमणुकीसाठी वेगळा आयोग आणणारी घटनादुरुस्तीही १६ ऑक्टोबर २०१५ ला रद्द झाली. न्यायवृंदाचं कामकाज बंद दाराआड चालतं, ही तक्रार रास्तच आहे. पण व्होरा आणि कुमार यांचं काय झालं हे ठाऊक असलेल्या माणसाला तो कशातून जन्मला हेही कळतं.

शपथ घेतल्यावर मात्र घटना न्यायमूर्तीला भक्कम संरक्षण देते. संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत असल्याशिवाय त्याला काढता येत नाही. त्याचा पगार त्याच्या तोट्याचा होईल असा बदलता येत नाही. आज उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीचं मूळ वेतन दरमहा २ लाख २५ हजार रुपये आहे आणि मुख्य न्यायमूर्तीचं अडीच लाख. मुंबईत नाव कमावलेला वकील याच्या कितीतरी पट मिळवतो. म्हणूनच बोलावणं आलं की अनेक चांगले वकील नकार देतात.

मग बासष्टावा वाढदिवस येतो. मूळ घटनेत ही मर्यादा साठ होती. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने ती बासष्ट केली. सर्वोच्च न्यायालयात पासष्ट. मधल्या या तीन वर्षांचं समर्थन करणारा एकही पटण्यासारखा मुद्दा मला आजवर सापडलेला नाही. ती पुसून टाकण्यासाठी २०१० मध्ये ११४ वी घटनादुरुस्ती मांडली गेली आणि लोकसभेच्या मुदतीबरोबर ती बुडाली.

निवृत्त न्यायमूर्तीला २२० व्या अनुच्छेदामुळे स्वतःच्या न्यायालयात वकिली करता येत नाही. इतर राज्यांच्या उच्च न्यायालयांत आणि सर्वोच्च न्यायालयात करता येते. तारकुंड्यांनी हीच वाट धरली होती. सासवडचा हा माणूस १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला. १९६९ मध्ये मुदतीआधीच त्यांनी पद सोडलं आणि दिल्लीला जाऊन सर्वोच्च न्यायालयात वकिली सुरू केली. जयप्रकाशांबरोबर त्यांनी ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’ उभारली. आणीबाणीत नागरी हक्कांच्या बाजूने ते ठाम उभे राहिले. न्यायमूर्तीचा दुसरा डाव इतका तेजस्वी असू शकतो, याचं मराठीतलं हे सर्वांत लखलखीत उदाहरण आहे आणि आपण ते पुरेसं सांगत नाही. पण सगळे तारकुंडे नसतात. बासष्टीत नव्याने दिल्लीत अशील शोधणं सोपं नाही. बहुतेकांपुढे दोनच पर्याय राहतात. लवादाचं काम किंवा सरकारी न्यायाधिकरण.

आणि इथून वेस्ट ब्लॉकचा रस्ता सुरू होतो.

सैनिकाला कोर्ट-मार्शलविरुद्ध अपिलाची नीट सोय नाही, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच खेद व्यक्त केला होता. १९९९ मध्ये विधी आयोगाने स्वतंत्र न्यायाधिकरण सुचवलं. २००७ मध्ये कायदा झाला आणि ८ ऑगस्ट २००९ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं उद्घाटन झालं. पहिले अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती ए. के. माथूर. पुढे २०१९ मध्ये आलेले न्या. राजेंद्र मेनन यांचा प्रवास या कारकिर्दीचा नमुनाच आहे. २००२ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयात नेमणूक, मग पाटण्याचे मुख्य न्यायमूर्ती, मग दिल्लीचे, २०१९ मध्ये निवृत्ती आणि त्याच वर्षी आर. के. पुरम. कायद्याची अटच अशी आहे की अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचा माजी न्यायमूर्ती किंवा उच्च न्यायालयाचा माजी मुख्य न्यायमूर्ती असावा. न्यायिक सदस्य उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती असावा. त्याच्या शेजारी बसणारा प्रशासकीय सदस्य म्हणजे मेजर जनरल किंवा त्याहून वरच्या हुद्द्यावर राहिलेला सेनाधिकारी. तेव्हा निवृत्त न्यायमूर्ती पदामागे धावतात असं सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे. संसदेनेच ही पदं त्यांच्यासाठी घडवली आहेत.

तिथलं काम कसलं असतं ते पाहू. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, घरोघरी फौजी असलेलं. अशा गावातला एखादा जवान वीस वर्षांच्या नोकरीनंतर उच्च रक्तदाब किंवा मानसिक आजार घेऊन बाहेर पडतो. जाण्यापूर्वी त्याचा ‘रिलीज मेडिकल बोर्ड’ होतो. बोर्ड दोन गोष्टी लिहितं. अपंगत्व किती टक्के, आणि आजार लष्करी सेवेमुळे उद्भवला किंवा बळावला आहे का. टक्केवारी वीस किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘होय’ असेल तर अपंगत्व पेन्शन मिळते. दुसऱ्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं की अर्ज फेटाळला जातो. मुंबई पीठापुढे काय किंवा दिल्लीच्या मुख्य पीठापुढे काय, अर्जांचा मोठा भाग या एका रकान्याचा असतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंग प्रकरणात सांगितलं, भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून घेतलेला माणूस निरोगी होता असंच मानायचं. नोंद नसलेला आजार नंतर दिसला तर तो सेवेमुळे नाही, हे सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर. २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात आणखी एक गोष्ट पक्की झाली. वीस ते पन्नास टक्क्यांच्या आतलं अपंगत्व पेन्शनच्या हिशेबाला पन्नास टक्के धरायचं आणि हा लाभ पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यालाही द्यायचा. ज्या न्यायमूर्तीने उच्च न्यायालयात जामीन, जमिनीचे दावे आणि निवडणुकीच्या याचिका ऐकल्या, तो आता पेन्शन नियमावलीची कलमं आणि वैद्यकीय बोर्डाच्या नोंदी वाचत असतो. शेजारी बसलेल्या जनरलला सियाचीनची चौकी आणि तिथल्या रात्री ठाऊक असतात, न्यायमूर्तीला पुराव्याचा कायदा ठाऊक असतो. दोघांची जोडी जमली तर निकाल चांगला लागतो. या न्यायाधिकरणाने हजारो कुटुंबांना त्यांचा हक्क मिळवून दिला आहे आणि ते श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

दुखणं वेगळ्याच ठिकाणी आहे. या न्यायाधिकरणापुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात प्रतिवादी असतो संरक्षण मंत्रालय. आणि न्यायाधिकरणाचं प्रशासन, कर्मचारी, जागा, पैसा हे सगळं पाहणारंही संरक्षण मंत्रालयच. उच्च न्यायालयात असताना ज्याच्या पगाराला सरकार हात लावू शकत नव्हतं, त्या न्यायमूर्तीला आता टंकलेखकासाठी आणि गाडीसाठी समोरच्या पक्षकाराकडेच मागणी करावी लागते. सगळी न्यायाधिकरणं एकाच तटस्थ यंत्रणेखाली आणा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये चंद्रकुमार प्रकरणात सुचवलं होतं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे न्यायाधिकरण कायदा मंत्रालयाकडे द्यायला सांगितलं. एवढं होऊनही संरक्षण मंत्रालयाची पकड सुटली नाही.

त्याहून मोठा प्रश्न न्यायमूर्ती वेस्ट ब्लॉकमध्ये येण्याआधीच्या दोन वर्षांचा आहे. साठ ते बासष्ट या वयात, उच्च न्यायालयात बसून सरकारविरुद्धच्या याचिका ऐकताना, पुढची नेमणूक सरकारच्या हाती आहे हे त्याला माहीत असतं. बहुसंख्य न्यायमूर्ती त्याचा परिणाम निकालावर होऊ देत नाहीत, असं मी मानतो. पण पक्षकाराच्या मनातली शंका कशी जाणार?

ही शंका घटना समितीतही बोलून दाखवली गेली होती. के. टी. शहा यांनी सुचवलं की न्यायमूर्तींना नंतर सरकारी पद घ्यायला बंदी असावी. डॉ. आंबेडकरांनी ते मानलं नाही. त्यांचं म्हणणं असं की न्यायालयापुढे येणारे बहुतेक वाद खासगी माणसांमधले असतात, सरकारचा त्यात क्वचितच संबंध येतो, त्यामुळे सरकारने न्यायाधीशावर प्रभाव पाडण्याची संधी फारच थोडी. १९४९ मध्ये ते खरं होतं. आज देशातला सर्वांत मोठा पक्षकार सरकारच आहे. ज्या परिस्थितीवर बाबासाहेबांनी आपला निष्कर्ष उभा केला तीच बदलली. त्यांच्याच पद्धतीने विचार केला तर निष्कर्षही बदलायला हवा. शिवाय घटनेने नियंत्रक व महालेखापरीक्षकाला पदानंतर कोणतीही सरकारी नोकरी बंद केली आहे. हिशेब तपासणाऱ्याला जे पथ्य, ते न्याय करणाऱ्याला नाही, हे मनाला पटत नाही.

१९५८ मध्ये मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने चौदाव्या अहवालात स्पष्ट लिहिलं, निवृत्तीनंतर न्यायमूर्तींनी सरकारी नोकरी स्वीकारू नये. त्या आयोगाचे एक सदस्य होते मुंबई उच्च न्यायालयाचे पहिले भारतीय कायम मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला. त्याच वर्षी छागला अमेरिकेत भारताचे राजदूत म्हणून गेले आणि पुढे केंद्रात मंत्री झाले. सेटलवाड यांना ते फार लागलं. छागलांच्या सचोटीबद्दल कुणी शंका घेतलेली नाही, मीही घेणार नाही. पण एवढ्या मोठ्या माणसालाही जो मोह आवरला नाही, तो आवरण्याची जबाबदारी एकेका व्यक्तीवर टाकून चालणार नाही, हे त्यातून दिसतं. पुढे सरन्यायाधीश राहिलेले एक गृहस्थ २०१४ मध्ये राज्यपाल झाले, दुसरे २०२० मध्ये राज्यसभेत गेले. दर वेळी आठवडाभर चर्चा झाली आणि विरली.

गवईंनी पदावर असतानाच जाहीर सांगितलं की निवृत्तीनंतर आपण सरकारचं कोणतंही पद घेणार नाही. निवृत्तीला चार दिवस उरले असताना, १९ नोव्हेंबर २०२५ ला, त्यांच्या पीठाने न्यायाधिकरण सुधारणा कायद्यातल्या नेमणुका, मुदत आणि सेवाशर्तींच्या तरतुदी रद्द केल्या. चार वर्षांची तोकडी मुदत, पन्नास वर्षांची किमान वयाची अट, एका जागेसाठी दोन नावं पाठवायची आणि सरकारने त्यातलं निवडायचं, हे सगळं २०२१ च्या अध्यादेशात न्यायालयाने आधीच घटनाबाह्य ठरवलं होतं. संसदेने काही आठवड्यांतच तेच पुन्हा कायद्यात घातलं. न्यायाधिकरणांसाठी राष्ट्रीय आयोग नेमायला त्या निकालाने सरकारला चार महिन्यांची मुदत दिली. ही मागणीही नवी नाही, न्यायालयाच्याच आधीच्या निकालांतून ती पुन्हा पुन्हा आलेली आहे.

गवईंचा नकार आदर्श आहे, पण सगळ्यांनी तसाच नकार दिला तर वेस्ट ब्लॉक ८ मध्ये बसणार कोण? अपशिंग्याच्या जवानाला अनुभवी न्यायमूर्ती हवाच. म्हणून माझं मत असं. उच्च न्यायालयाचं निवृत्तीचं वय पासष्ट करावं, म्हणजे बासष्टीला पुढचं पद शोधण्याची गरज कमी होईल. न्यायाधिकरणातल्या नेमणुका राष्ट्रीय आयोगाने कराव्यात. त्यासाठी न्यायमूर्तीला अर्ज करायला लावू नये. त्याची निवड पदावरून उतरून किमान दोन वर्षं झाल्यावरच व्हावी. आणि सशस्त्र दल न्यायाधिकरण संरक्षण मंत्रालयाकडून काढून घ्यावं. यातल्या पहिल्या गोष्टीला घटनादुरुस्ती लागेल. शेवटची तर सरकारच्या मनात आलं तर लवकर होऊ शकते, कारण त्यासाठी कुठल्याही नव्या इमारतीची किंवा नव्या न्यायमूर्तीची गरज नाही.

फौजी घरातल्या वाचकांसाठी एवढंच. अंतिम आदेश हाती आल्यापासून सहा महिन्यांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. पेन्शनच्या बाबतीत उशीर झाला तरी दार बंद होत नाही, पण थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. रिलीज मेडिकल बोर्डाची प्रत घरात जपून ठेवा आणि महाराष्ट्रातल्या माणसाने दिल्लीला न जाता आधी मुंबईच्या पीठाकडे जावं.